माल आत घेण्याआधी

चाकणच्या कुठल्याही पुरवठादार कारखान्यात टेम्पोतून उतरलेला माल थेट लाइनवर जात नाही. आधी तो इनकमिंग इन्स्पेक्शनच्या टेबलावर येतो. चलनावरचा पार्ट नंबर, बॅच नंबर, ड्रॉइंगवरचं माप, त्यावरचा टॉलरन्स, सोबत आलेलं टेस्ट सर्टिफिकेट असं सगळं जुळलं तर माल आत. नाही जुळलं तर लाल टॅग, आणि रवानगी रिजेक्शनच्या रॅकवर. निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी, इकडे भोसरी, तळवडे, चिखली. या पट्ट्यात हे काम रोज करणारी माणसं गल्लोगल्ली राहतात. व्हर्नियरवर मिलिमीटरचा अंश वाचणारी, गेज न बसलेला पार्ट बाजूला काढणारी, पुरवठादाराला फोन करून ‘तुमच्या लॉटमध्ये प्रॉब्लेम आहे’ असं ठणकावून सांगणारी.

हीच माणसं पाळी सुटल्यावर घराजवळच्या दुकानात थांबतात. बिस्किटांचे दोन पुडे, नूडल्सची चौकडी, पोरांसाठी रंगीत सरबत, दुधात घालायची पावडर. किंमत पाहिली जाते, फार तर तारीख. पाकीट उलटं होत नाही.

यात दोष देण्यासारखं काही नाही. दहा-बारा तास उभं राहून आणि तळेगाव चौकातल्या कोंडीतून वाट काढून आलेल्या माणसाने दुकानाच्या मिणमिणत्या दिव्याखाली बारीक अक्षरं वाचत बसावं, ही अपेक्षा करणं सोपं असतं, पाळणं अवघड. पण पाकिटामागची चौकट म्हणजे त्या मालाचं टेस्ट सर्टिफिकेटच असतं आणि ते वाचायला लागणारी सगळी विद्या या पट्ट्यात आधीपासून आहे. ती कारखान्याच्या गेटवर काढून ठेवू नये, एवढंच मला सांगायचं आहे. आणि जिथे सर्टिफिकेटच अपुरं आहे, तिथे बोट वाचणाऱ्याकडे नको, लिहिणाऱ्याकडे दाखवायला हवं.

हा पट्टा वसला कसा, ते ध्यानात घेतलं तर पाकिटं घरात कशी शिरली हेही कळतं. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली. पुढे आकुर्डीत बजाज, पिंपरी-चिंचवडला टेल्को. १९७०मध्ये नगरपालिका, १९८२मध्ये महानगरपालिका. १९९९मध्ये बजाजचा कारखाना चाकणला आला; २००९मध्ये फोक्सवागन आणि मर्सिडीज, पाठोपाठ महिंद्र. प्रत्येक लाटेबरोबर बीड, लातूर, परभणी, बुलढाणा, जळगाव इथून माणसं आली, नंतर उत्तर प्रदेश-बिहारमधूनही. पहिल्या पिढीकडे गावाकडून ज्वारीचं पोतं यायचं. आता कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराच्या खोलीत गॅस असेलच असं नाही, आणि नवरा-बायको दोघंही पाळीवर असतील तर संध्याकाळी सहा वाजता भुकेलं पोर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये पाकीटच असतं. मदतीला धावून येणारी ती वस्तू आहे. तिचा राग करून भागणार नाही. तिची तपासणी करायला हवी.

कारण बिल मोठं येतं आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे देशभराचे आकडे २०२३मध्ये प्रसिद्ध झाले : १० कोटी १० लाख मधुमेही, १३ कोटी ६० लाख मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि प्रौढांमध्ये ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब. त्याच परिषदेच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. देशातल्या एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहारामुळे आहे, असं त्यात म्हटलं आहे. खाद्यपदार्थांवरची लेबलं वाचा, ही सूचनाही त्यात आहे.

तर एक पुडा हातात घेऊ. ग्लुकोज बिस्किटांचा, कुठल्याही कंपनीचा. मागच्या बाजूला दोन गोष्टी शोधायच्या : घटकांची यादी आणि पोषणमाहितीची चौकट.

यादी आधी. कायद्याने ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. जे सर्वांत जास्त, त्याचं नाव पहिलं. इथे पहिलं नाव बहुतेक वेळा ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’, म्हणजे आपला मैदा. दुसरी साखर. तिसरं खाद्यतेल, कंसात त्याची जात. बहुधा पाम किंवा पामोलिन. पुड्यातला जवळजवळ सगळा ऐवज या तीन नावांत आला. पण यादी तिथेच सोडू नका. खाली ‘इन्व्हर्ट सिरप’ असेल, दुसऱ्या कुठल्या पाकिटावर ‘लिक्विड ग्लुकोज’, ‘डेक्स्ट्रोज’, ‘माल्टोडेक्स्ट्रिन’. ही सगळी साखरेच्याच कुळातली, पोटात गेल्यावर ग्लुकोज होणारी किंवा साखरच असणारी. एकच गोडवा चार नावांत वाटला की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि वर धान्याचं नाव राहतं.

त्यानंतर येतात आकडे. ३२२, ५००, ५०३, ३३०. मोबाइलवर फिरणारे संदेश या आकड्यांनी लोकांना भलतेच घाबरवतात. ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाबीनचं. ५०० म्हणजे खाण्याचा सोडा. ३३० म्हणजे लिंबात असतं ते सायट्रिक आम्ल. घरातलं लक्ष या आकड्यांवर खर्च झालं की मैदा, साखर आणि तेल ही पहिली तीन नावं सहीसलामत निसटतात. पाकीट पारखायचं ते त्या तीन नावांवर.

आता चौकट. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे लेबलिंगचे नियम २०२०मध्ये निघाले आणि मुदती वाढत वाढत १ जुलै २०२२पासून लागू झाले. ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण मेद, संपृक्त मेद, ट्रान्स मेद, कोलेस्टेरॉल, सोडियम हे सगळं १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटरमागे लिहावं लागतं. शिवाय एका ‘सर्व्ह’मधून, म्हणजे एका वेळच्या वाढपातून, रोजच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो तेही. या टक्केवारीचा पाया कायद्याने ठरवून दिला आहे : सरासरी प्रौढाला दिवसाला २,००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम मेद, २२ ग्रॅम संपृक्त मेद, २ ग्रॅम ट्रान्स मेद, ५० ग्रॅम वरची साखर आणि २,००० मिलिग्रॅम सोडियम.

इथे इन्स्पेक्टरची नजर लागते. एक, ‘सर्व्ह’ केवढा हे कंपनी ठरवते. दोन-तीन बिस्किटांचा ‘सर्व्ह’ असेल तर टक्के साहजिकच लहान दिसतात. आपल्या घरात दोन बिस्किटांवर कोण थांबतं? म्हणून टक्क्यांचा रकाना सोडून १०० ग्रॅमचा रकाना वाचायचा आणि पुड्याच्या वजनाशी गुणायचं. ग्लुकोज बिस्किटात शंभराला २५ ग्रॅमच्या आसपास साखर असते. ८० ग्रॅमचा पुडा धरला तर २० ग्रॅम. चहाचा चमचा ४ ग्रॅमचा धरा : पाच चमचे. पोर तो पुडा ज्या चहात किंवा दुधात बुडवतं, त्यातली साखर वेगळीच.

दोन, ते ५० ग्रॅम हे साखरेचं माप मुळात सैल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये सांगितलं की अशी साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवीच, पण ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण २५ ग्रॅमवर राहिली तर अधिक चांगलं. त्या कडक मापाने पाकिटावरचे ४० टक्के म्हणजे ८० टक्के. आणि तीन, हे सगळं प्रौढाचं माप. चार ते सहा वर्षांच्या मुलाला राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने दिवसाला १,४०० किलोकॅलरीही लागत नाहीत. मुलाचं चित्र छापलेल्या पाकिटावरची टक्केवारी त्याच्या बापाची असते.

मिठासाठी एक गुणाकार पाठ करण्याजोगा आहे : सोडियम गुणिले अडीच. २,००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ५ ग्रॅम मीठ, एक चहाचा चमचा, दिवसभराची मर्यादा. झटपट नूडल्समध्ये शंभर ग्रॅममागे हजार मिलिग्रॅमच्या घरात सोडियम सहज असतं. ७० ग्रॅमच्या पाकिटात मग सातशे. एका प्रौढाच्या दिवसभराच्या कोट्यातला तिसरा हिस्सा संध्याकाळच्या एका ताटलीत संपला, रात्रीची आमटी-भाजी, लोणचं, पापड अजून व्हायचेच आहेत. मसाल्याची पुडी निम्मी टाकली तरी बराच फरक पडतो. सोडियमचा मोठा वाटा त्या पुडीतच असतो.

हे सगळं वाचायचं कुठल्या भाषेत? नियम सांगतो : इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत. इतर भाषा ऐच्छिक. त्यामुळे महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या पाकिटांवर जाहिरातीचं वाक्य कधीकधी मराठीत असतं, पण साखरेचा आकडा इंग्रजीत. मोशी-भोसरीच्या वस्तीत सातवी-आठवी शिकून पॅकिंगच्या कामाला जाणारी ताई, गावाहून नातवंडं सांभाळायला आलेली आजी, यांच्यासाठी ती चौकट बंद दार आहे. मला हे फार लागतं. मुलाला खाऊ देणारे हात बहुतेक वेळा यांचेच असतात. दुकानाच्या पाटीवर मराठी हवी म्हणून आपण झगडलो. पाकिटाच्या मागच्या बाजूसाठी तेवढ्याच जोराने बोलायला हवं.

तोवर एक सोय आहे. आकडे भाषेवाचूनही वाचता येतात. घरातल्या सहावी-सातवीच्या मुलाला कामाला लावावं : ‘शुगर’ आणि ‘सोडियम’ या दोन ओळी शोध, समोरचा आकडा आजीला सांग. मुलं हे काम आवडीने करतात, आणि ज्या पुड्याचा आकडा त्यांनी स्वतः मोठ्याने वाचला, त्याचा हट्टही थोडा सैल पडतो.

पाकिटाच्या पुढच्या बाजूचे दावे ही वेगळीच तऱ्हा. तिथे ओट्स, नाचणी, मध, बदाम यांची चित्रं असतात. पण कायद्यात एक चांगली तरतूद आहे : ज्या घटकाचा गाजावाजा केला, त्याचं प्रमाण यादीत टक्क्यांत द्यावं लागतं. म्हणून नाचणीच्या बिस्किटाचा पुडा उलटा करून कंसातला आकडा पाहायचा. ब्राउन ब्रेडचंही तसंच. मैदा पहिला, गव्हाचं पीठ मागून, आणि यादीच्या शेपटाला ‘कॅरॅमल कलर’, १५० क्रमांकाचा, असं दिसलं तर रंग धान्याचा नव्हे हे कळतं. काही शब्दांना कायद्याने मापं लावली आहेत : ‘शुगर फ्री’ म्हणायला १०० ग्रॅममागे ०.५ ग्रॅमहून जास्त साखर चालत नाही, ‘लो फॅट’ म्हणायला घन पदार्थात ३ ग्रॅमहून जास्त मेद नको, ‘हाय फायबर’साठी किमान ६ ग्रॅम तंतू हवेत. मात्र ‘शुगर फ्री’ बिस्किटात मैदा आणि तेल असतंच. घरातल्या मधुमेही माणसासाठी मायेने आणलेला तो पुडा यादी वाचल्याशिवाय त्याच्या हाती देऊ नये.

शब्दांवर लगाम कसा बसतो, याची अलीकडची दोन उदाहरणं प्रत्येक घराला माहीत असावीत. एप्रिल २०२३मध्ये बोर्नव्हिटातल्या साखरेवरचा एक व्हिडिओ गाजला. कंपनीच्या कायदेशीर नोटिशीनंतर तो काढला गेला, पण राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीकडे खुलासा मागितला. पुढे त्या पावडरीतली वरची साखर १०० ग्रॅममागे ३७.४ वरून ३२.२ ग्रॅमवर आली. आणि एप्रिल २०२४मध्ये अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदराखाली विकू नका, असं सरकारने ऑनलाइन बाजारांना सांगितलं. कारण ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच २००६च्या अन्न सुरक्षा कायद्यात नाही. दुसरं उदाहरण ओआरएसचं. जुलाबात देण्याच्या खऱ्या ओआरएसमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राने लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. नावात ‘ओआरएस’ मिरवणारी गोड फळपेयं मात्र औषधाच्या दुकानात त्याच्याच शेजारी उभी असायची. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अनेक वर्षं लढा दिला, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला बंदी केली. एका डॉक्टरने लेबल वाचलं, त्यावर त्या अडून बसल्या, देशभराच्या पाकिटांवरचं नाव बदललं.

या पट्ट्याचं खास दुखणं म्हणजे रात्रपाळी. एमआयडीसीच्या गेटबाहेरच्या टपऱ्यांवर कॅफिनयुक्त पेयाची छोटी बाटली वीस-पंचवीस रुपयांत मिळते. विशी-पंचविशीतले ट्रेनी आणि ठेका कामगार झोप मारायला ती घेतात. तिच्या मागे काय लिहिलेलं असतं ते खरंच वाचावं. अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालतं. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत ७५ मिलिग्रॅमपर्यंत. मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, कॅफिन न सोसणाऱ्यांनी घेऊ नये, दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त नको, हा इशारा छापणं बंधनकारक आहे. रात्री दोनला एक, पहाटे पाचला दुसरी झाली की मर्यादा संपली. वर चहा आहेच. आणि सकाळी खोलीवर येऊन झोप लागत नाही, ही तक्रार मग नशिबाची वाटते. बाटलीवरचा इशारा दिसत नाही, कारण तो बाटलीच्या वळणावर बारीक अक्षरात आणि इंग्रजीत आहे.

मग पाच रुपयांची पाकिटं. नियमात सवलत आहे : ज्या वेष्टनाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटरच्या आत, त्यावर घटक आणि पोषणमाहिती नसली तरी चालते; ती मोठ्या, घाऊक पाकिटावर द्यायची. चॉकलेट, जेली, गोळ्या, छोट्या पुड्या यांत मोडतात. घाऊक पाकीट दुकानदाराकडे राहतं, पोराच्या हातात कोरी पुडी. कमी पगाराच्या घरात महिन्याचा मोठा डबा येत नाही, रोज छोटी पुडी येते. म्हणजे माहितीची गरज जिथे जास्त, तिथेच ती देण्यातून सूट. मला ही तरतूद अन्यायाची वाटते. सप्टेंबर २०२५मध्ये बिस्किटं, नमकीन, नूडल्स, चॉकलेट यांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला तेव्हा अनेक कंपन्यांनी छोट्या पुड्याची किंमत तीच ठेवून वजन वाढवलं. स्वस्त झालं ते नेमकं हेच खाणं.

शाळेच्या बाजूने थोडी हालचाल आहे. मेद, साखर, मीठ जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत, असा नियम २०२०चा आहे. मे २०२५मध्ये सीबीएसईने शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे साखरेची माहिती देणारे फलक, लावायला सांगितलं. पन्नास मीटरचा नियम पाळला जातो का, हे शाळा सुटताना गेटपाशी उभं राहून कुणालाही पाहता येतं.

दिवाळीत बचत गटांचा फराळ घरोघरी जातो. पवनाथडी जत्रेतही त्यांचे स्टॉल असतात. तिथे एक नंबर शोधावा : अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, १४ आकडी. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर लहान उद्योगाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. म्हणून चकलीच्या पाकिटावर २१५ने सुरू होणारा नंबर दिसला की एखाद्या ताईने रीतसर नोंदणी केली आहे हे कळतं. तिला ‘तेल कुठलं वापरलं?’ असं विचारलं तर ती सांगते, मोठ्या कंपनीला असं समोरासमोर विचारता येत नाही. तिच्या पाकिटावर मराठीत, ठळक अक्षरात घटक लिहिलेले असतील तर त्याचं कौतुक करून दोन पाकिटं जास्त घ्यावीत.

आणि मग ते खाणं, ज्याला लेबलच नाही. वडापाव, सामोसा, बेकरीची खारी, सुटं फरसाण, मिसळीवरची शेव. २०१८पासून नियम आहे की तळणीच्या तेलात ‘टोटल पोलर कंपाउंड्स’ २५ टक्क्यांवर गेले की ते तेल टाकायचं. काळं पडलेलं, फेसाळणारं, धूर सोडणारं तेल ओळखायला यंत्र लागत नाही. उद्योगात बनणाऱ्या ट्रान्स मेदावर मात्र आपण खरोखर मजल मारली : जानेवारी २०२२पासून तेला-तुपात आणि ते वापरलेल्या पदार्थांतल्या मेदात तो २ टक्क्यांच्या वर चालत नाही. नियमाने हे साधतं. घरोघरच्या बायकांनी भिंग घेऊन पाकिटं वाचली असती तरी एवढं साधलं नसतं.

म्हणूनच पुढचा नियम अडकून पडल्याची चीड येते. चिलीने २०१६मध्ये पाकिटाच्या दर्शनी बाजूला काळा अष्टकोन छापायला लावला : साखर जास्त, मीठ जास्त, एवढंच. मेक्सिकोने २०२०मध्ये तेच केलं. न वाचता येणाऱ्यालाही ते कळतं. आपल्याकडे सप्टेंबर २०२२मध्ये ताऱ्यांच्या मानांकनाचा मसुदा आला. साखरेचं पेयही दोन-एक तारे मिरवू शकेल म्हणून त्यावर टीका झाली. एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं. जुलैमध्ये आणखी तीन महिने दिले. कारखान्यात पुरवठादाराला इतक्या वेळा मुदत मिळत नाही.

एक जागा मात्र इथल्या माणसाच्या हातात आहे : कँटीन. १९४८च्या कारखाने कायद्याने २५०हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी कँटीनची तरतूद केली आणि तिच्या व्यवस्थापन समितीत कामगारांच्या प्रतिनिधित्वाचीही. नव्या कामगार संहितेत, २१ नोव्हेंबर २०२५पासून, हा आकडा ठेका कामगार धरून १००वर आला आहे. जुलै २०२५मध्ये ‘सामोसा-जिलेबीवर इशारा’ अशी जी बातमी गाजली, ती खरं तर कामाच्या ठिकाणी तेल आणि साखरेचे फलक लावा, ही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची सूचना होती. सामोशावर लेबल लावायचा आदेश नव्हताच. असा फलक कँटीनच्या भिंतीवर लावायला खर्च येतो तो एका फ्लेक्सचा. मराठीत लावावा, हिंदीतही.

समितीच्या बैठकीत बहुधा चर्चा होते ती भाजीच्या चवीची आणि पोळीच्या जाडीची. त्यात एक विषय वाढवावा. ठेकेदाराने वापरलेल्या तेलाचा डबा, मसाल्याचं पाकीट आणि मशीनमधल्या चहाच्या प्रीमिक्सची पिशवी टेबलावर आणायला सांगावी. प्रीमिक्सच्या यादीत साखर कितव्या नंबरवर आहे ते पाहावं आणि दिवसातून दोन-तीन कप पिणाऱ्या माणसाच्या पोटात त्यातून किती ग्रॅम जातात, याचा हिशेब क्वालिटीच्याच माणसाकडून करून घ्यावा. बिनसाखरेच्या चहाचं वेगळं बटण मागावं. डब्यावर १४ आकडी नंबर नसेल किंवा तारीख उलटलेली असेल, तर प्राधिकरणाचा १८००-११२-१०० आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा १८००-२२२-३६५ हे दोन्ही नंबर मोफत आहेत. तक्रार नोंदवताना बॅच नंबर सांगावा. तो कुठे छापलेला असतो, हे या पट्ट्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही.